गोठलेलं खातं

आर्वीच्या बसस्थानकाबाहेर माझी पोह्याची गाडी आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाई तिथे नुसता चहा विकायच्या. पोहे आणि त्यावर हरभऱ्याची तर्री मी सुरू केली. नवरा जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम असला की त्याला मान वर करायला फुरसत नसते, आणि हंगाम संपला की कामच नसतं. म्हणजे बाराही महिने घर चालवते ती ही गाडीच.

मी बारावी झालेली आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की स्टँडवरच्या आम्हा बायकांनी भिशी सुरू केली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. "तू शिकेल आहेस, तूच सांभाळ," असं बांगड्यावाली म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दर महिन्याला प्रत्येकीनं सारखे पैसे टाकायचे आणि सगळा जमलेला पैसा एकीनं उचलायचा. कुणी उचलायचा ते चिठ्ठी काढून ठरायचं, पण एखादीची नड मोठी असली तर चिठ्ठी बाजूला ठेवून तिला द्यायचो. त्यासाठी कधी कुणाची सही घेतली नाही, जामीन मागितला नाही. त्या भिशीवर बांगड्यावालीच्या घरावर टिनं चढली, फुलवालीच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, माझी दुसरी शेगडी आली. आमच्यातल्या कुणालाही कुठल्याच बँकेनं तेवढा पैसा दिला नसता. दाराशी उभं केलं असतं की नाही, तीही शंकाच.

आमच्यात एक शेंगावाली होती. उकडलेल्या आणि भाजलेल्या शेंगा विकायची, थंडीत बोरं, दिवाळीच्या आधी सीताफळं. ती गोंड. जंगलाकडच्या गावातून बऱ्याच वर्षांपूर्वी इथे आली आणि गावाबाहेरच्या वस्तीत राहिली. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायचे आणि ती मला वहिनी म्हणायची. पोरीशी ती गोंडीत बोलायची आणि आमच्याशी आमच्यासारखं. नवरा कधीचाच गेलेला. ही एकच पोरगी.

पोरीला नर्स व्हायचं होतं. त्याचं कारण तिनं मला एकदा पोहे खाताना सांगितलं होतं. तिची आजी आजारी असताना सरकारी दवाखान्यात नेली होती. म्हातारी घाबरलेली, कुणाला हात लावू देईना. तेवढ्यात एक नर्स आली आणि तिच्याशी गोंडीत बोलायला लागली. म्हातारीनं मुकाट्यानं हात पुढे केला. "मले तसं करायचं हाये काकू," पोरगी म्हणाली. बारावीला तिला चांगले मार्क पडले. वर्ध्याच्या एका खासगी कॉलेजात तिचं नाव लागलं. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती नंतर, खात्यात. पहिला हप्ता आधी भरा, असं कॉलेजचं म्हणणं होतं.

शेंगावालीनं हे सगळं आधीच हेरून ठेवलं होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच तिनं आम्हाला सांगितलं होतं की ॲडमिशनच्या महिन्याची भिशी मला द्या. कुणी नाही म्हटलं नाही. पोरगी नर्स झाली तर सगळ्या स्टँडला सुई फुकट, अशी बांगड्यावालीनं थट्टाही केली.

त्याच्या थोडं आधी स्टँडवर फोनचा पैसा आला होता. एका कंपनीचा एजंट गळ्यात ओळखपत्र अडकवून आला आणि गाडीगाडीवर फिरला. माझ्याकडे आधी आला, कारण माझ्याकडे गिऱ्हाईक जास्त. "ताई, फुकट आहे," तो म्हणाला. त्यानं माझ्या खात्याचा कोड छापलेला पुठ्ठा गाडीला बांधून दिला आणि पैसे आले की मोठ्यानं सांगणारा एक छोटा स्पीकर ठेवला. त्या स्पीकरचं दरमहा भाडं कापलं जातं हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. "आता तुम्ही पण मुख्य प्रवाहात आल्या," असं तो जाताना म्हणाला होता. तोवर आम्ही कुठे होतो, हे मी त्याला विचारलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, सोय होती. कॉलेजची पोरं, एसटीचे कंडक्टर, वर्ध्याला-अमरावतीला जाणारे मास्तर लोक, सगळे फोन पुढे करायचे. सुट्ट्या पैशांची भांडणं मिटली. हळूहळू रोख दिसेनाशीच झाली. गल्ल्यात नोटा नाहीत म्हटल्यावर भिशी तरी नोटांत कशी भरणार? एजंटच म्हणाला की भिशीही याच खात्यात टाका, रेकॉर्ड बनेल, पुढे कर्ज मिळेल. बांगड्यावालीनं खळखळ केली.

"मले पैसा हातात दिसला पायजे," ती म्हणाली.

"दिसते नं फोनमध्ये," फुलवाली म्हणाली. तिच्या पोरानं तिला नवा फोन दिला होता, तिला त्याचं भारी अप्रूप.

शेवटी सगळ्या माझ्या कोडवर पैसे टाकायला लागल्या. ठरल्या दिवशी मी बँकेतून काढायचे आणि जिची पाळी तिच्या हातात द्यायचे. काही महिने ते सुरळीत चाललं.

शेंगावालीच्या पाळीचा महिना आला. सगळ्यांचे पैसे वेळेवर आले. मी सकाळचा धंदा आटोपला, गाडी नवऱ्यावर सोडली आणि बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसानं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं, परत दाबलं, आणि माझी स्लिप मला परत सरकवली.

"मॅडम, खात्यावर होल्ड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पैसे येतील. काढता येणार नाहीत."

मला वाटलं एखादा कागद राहिला असेल. मी आधार कार्ड काढलं. तो म्हणाला, त्याचं काम नाही. मग मला आत साहेबांकडे पाठवलं. साहेब बाहेरगावचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. ते म्हणाले की दुसऱ्या एका राज्यात कुणालातरी ऑनलाइन फसवून पैसे उडवले. ते पैसे बऱ्याच खात्यांतून फिरले. त्यातले थोडे माझ्या खात्यात आले. तिथल्या पोलिसांनी ज्या ज्या खात्यात पैसा गेला ती सगळी थांबवली आहेत.

"माह्या खात्यात किती आले?" मी विचारलं.

त्यांनी पाहिलं. "ऐंशी रुपये."

ऐंशी रुपये म्हणजे दोन प्लेट पोहे आणि दोन चहा. कुणीतरी चोर, नाहीतर चोराचा मित्र, नाहीतर ज्याला चोरानं पैसे दिले असा एखादा साधा माणूस, गाडी बदलायला स्टँडवर उतरला असेल आणि माझ्याकडे खाऊन गेला असेल. मी त्याला तर्री वाढून दिली असेल. वरून कांदाही दिला असेल.

"मंग ऐंशी रुपये कापून घ्या नं साहेब. बाकीचे द्या."

"तसं नाही करता येत. सिस्टीमनं पूर्ण खातं होल्ड केलं आहे."

"मंग सिस्टीमले सांगा."

साहेब हसले. मी विनोद केला नव्हता. "तिथल्या पोलिसांकडून पत्र आणा," ते म्हणाले, "मग आम्ही लगेच काढू." ते ठाणं कुठे आहे ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या गावाचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तिथून मी आपल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथला हवालदार आमच्याकडे रोज चहा पितो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर गुन्हा नाई. तुम्ही कायले भेता?"

"गुन्हा नाई तं माहे पैसे काऊन अडवले?"

"ते आमच्या हातात नाई नं. तिथल्या ठाण्याले मेल करा."

मेल कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं हिंदीत लिहून दिला. त्याचेही पैसे घेतले. त्या ठाण्याचा फोन लागला तेव्हा पलीकडचा माणूस जी भाषा बोलत होता ती मला कळेना, माझी त्याला कळेना. त्यानं फोन ठेवला. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर एक गोड आवाज मला धन्यवाद द्यायचा आणि मग गाणं लागायचं. एजंटला फोन केला तर तो म्हणाला की त्यानं ती कंपनी सोडली, आता तो विमा विकतो. "पण ताई, एक चांगली पॉलिसी आहे," असंही म्हणाला.

दुपारी बायका गाडीमागे जमल्या. शेंगावाली टोपली घेऊनच आली होती. मी काय झालं ते सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. दोन प्लेट पोह्यांपायी एवढा सगळा पैसा अडकतो, हे कुणाला खरं वाटेल?

"पैसे हायेत की नाई?" बांगड्यावालीनं विचारलं.

मी फोनमध्ये खातं उघडून दाखवलं. आकडा तसाच होता. वर दुपारच्या गिऱ्हाइकांची भरच पडली होती.

"दिसून राह्यले नं?" मी म्हणाले.

"दिसून राह्यले. मंग काढ."

"काढता येत नाई म्हणून तं सांगून राह्यली."

"दिसते बी, आन् निघत बी नाई. असं कुठं असते का बाप्पा?" ती म्हणाली आणि बाकीच्यांकडे बघितलं. ते बघणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. आठदहा वर्षं या बायकांनी मला कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

शेंगावालीनं एवढंच विचारलं, "मशीन खराब झाली का वहिनी?"

"हो बाई, तसंच समजा."

"मंग सुधरन," ती म्हणाली आणि टोपली उचलून आपल्या जागेवर गेली.

कॉलेजनं दिलेली मुदत त्याच आठवड्यात संपत होती. बायकांनी पुन्हा पैसे टाकावेत असं मी दुसऱ्या दिवशी विचारून पाहिलं. फुलवालीनं थोडे दिले. दोघीतिघींनी हात वर केले, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. एकदा दिलेला पैसा डोळ्यांदेखत अडकलेला, पुन्हा कुठून देतील? बांगड्यावाली म्हणाली, "आधी टाकले ते पहिले दाखव." नवऱ्यानं जिनिंगच्या शेटकडून पगाराची उचल आणली. मी दुसरी शेगडी आणि मोठं पातेलं एका हॉटेलवाल्याला विकलं. शेंगावालीनं पायातल्या चांदीच्या साखळ्या मोडल्या. सगळं मिळून हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास गेलं.

तेवढे घेऊन आम्ही तिघी वर्ध्याला गेलो. पोरीनं इस्त्री केलेला ड्रेस घातला होता आणि कागदांची फाईल छातीशी धरली होती. कॉलेजचा ऑफिसवाला सभ्य होता. त्यानं कागद पाहिले, सगळे बरोबर आहेत म्हणाला. मग शेंगावालीनं पदरातून पैसे काढून टेबलावर ठेवले.

"आम्ही रोख घेत नाही," तो म्हणाला. "ऑनलाइन भरायचे."

मला हसावं की त्याच्या टेबलावर डोकं आपटावं ते कळेना. मी म्हणाले, "ऑनलाइनच अडकले आहेत साहेब. म्हणून तं हे रोख आणले."

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोनमधला आकडा दाखवला. त्यानं तो नीट पाहिला. "तुमची अडचण खरी आहे," तो म्हणाला, "पण मी काय करू? अर्धे भरले तर सिस्टीम घेतच नाही. पूर्ण रक्कम आली तरच पुढे जाते."

तिथेही सिस्टीम. मी मुदत मागितली. तो म्हणाला, खाली यादी आहे, जागा रिकामी राहिली की पुढच्या मुलीला जाते. त्याच्या खोलीबाहेर ती पुढची मुलगी बापासोबत बसलेली असणार, असं मला उगाच वाटलं. बाहेर बरेच जण बसले होते.

परतीच्या बसमध्ये मायलेकी माझ्या पुढच्या बाकावर होत्या. पोरगी आईशी गोंडीत काहीतरी बोलली. आईनं एका शब्दात उत्तर दिलं. मला ते समजलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. आर्वीला आल्यावर जमवलेले पैसे ज्याचे त्याला परत केले.

यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझं तोंड कडू होतं.

वर्ध्याला एक कार्यक्रम होता. डिजिटल व्यवहार करणाऱ्या कष्टकरी महिलांचा सत्कार. माझं नाव त्या एजंटनं कधीतरी आधीच देऊन ठेवलेलं होतं, आणि एजंट गेला तरी नाव तिथेच राहिलं होतं. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणणार होते. नवरा म्हणाला, "जा. मोठे साहेब येतील. त्यांच्या कानावर घाल. त्यांनी एक फोन केला तं होऊन जाईल." आशा वाईट असते. मी अर्जाच्या प्रती काढल्या आणि ठेवणीतली साडी नेसून गेले.

हॉलच्या दाराशीच एका बाईनं माझ्या हातात कोडचा एक मोठा नकली पुठ्ठा दिला आणि हसायला सांगितलं. फोटो काढला. मी हसले. समोर कॅमेरा असला की माणूस हसतोच. मग आत बसवलं. भाषणं झाली. एक साहेब म्हणाले की आज रस्त्यावरची भगिनी आणि मॉलचा मालक एका पातळीवर आले आहेत. टाळ्या पडल्या. मॉलच्या मालकाचं खातं ऐंशी रुपयांसाठी कुणी बंद केलं असतं का, हे माझ्या मनात आलं. पण टाळ्या थांबल्या नव्हत्या.

शाल आणि नारळ दिल्यावर सूत्रसंचालक बाईंनी माझ्यासमोर माईक धरला. "ताई, डिजिटल व्यवहारांमुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला, दोन शब्द सांगा."

मी म्हणाले, "माझं खातं बंद आहे."

लोकांना वाटलं मी घाबरले. कुणीतरी हसलं. मी पुढे बोलले. ऐंशी रुपये, दुसऱ्या राज्यातले पोलीस, भिशी, शेंगावालीची पोरगी, सगळं सांगायचं होतं. पोरीपर्यंत आले तोवर माईक बाईंच्या हातात गेला होता. "ताईंची थोडी तांत्रिक अडचण आहे, आपले साहेब कार्यक्रमानंतर नक्की लक्ष घालतील," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की मलाही क्षणभर बरं वाटलं.

कार्यक्रमानंतर साहेबांना मी गाडीपाशी गाठलं. त्यांनी माझा अर्ज घेतला, वाचला नाही, शेजारच्या माणसाला दिला. "हे बघून घ्या," म्हणाले. शेजारच्या माणसानं घडी करून खिशात ठेवला. गाडी गेली. मी जेवणाचं पाकीट घेतलं नाही. तेवढाच काय तो माझा राग, आणि तोही कुणाला कळला नाही.

काही दिवसांनी आमच्याच बसस्थानकाच्या भिंतीवर एक बोर्ड लागला. त्यावर तो पुठ्ठा धरून हसणारी मी. खाली लिहिलं होतं, "आता माझा पैसा माझ्या हातात." बांगड्यावाली त्या बोर्डाखाली बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पैसा तुह्याच हातात हाये म्हणते इथं. लेखी हाये."

फोटो माझाच होता.

त्या दिवसानंतर मी भिशीचं काम सोडलं असं म्हणणं बरोबर नाही. भिशीच राहिली नाही. पुढच्या महिन्यात कुणी पैसे टाकले नाहीत, कुणी विषयही काढला नाही. बायकांचं माझ्याकडे चहाला येणं आधी कमी झालं, मग थांबलं. फुलवाली तेवढी येत राहिली. तीही इकडेतिकडे बघून यायची.

धंद्याचेही हाल झाले. कोड काढून टाकला तर गिऱ्हाईक म्हणायचं, रोख नाही, आणि समोरच्या गाडीवर जायचं. कोड ठेवला तर पैसा त्या बंद खात्यात जाऊन पडायचा आणि स्पीकर मला मोठ्यानं सांगायचा की मिळाला. एक दिवस मी तो स्पीकर पिठाच्या डब्यात घालून ठेवला. नंतर नवऱ्याच्या पगाराच्या खात्याचा कोड लावला. पण दर वेळी कुणी अनोळखी माणूस फोन पुढे करायचा तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. हा पैसा कुणाचा आहे? कुठून फिरून आला आहे? पोहे विकणाऱ्या बाईनं हे गिऱ्हाइकाला कसं विचारायचं?

शेंगावाली मला कधी एक वाकडा शब्द बोलली नाही. तिनं फक्त जागा बदलली. पूर्वी माझ्या गाडीशेजारी बसायची, आता बस बाहेर निघतात त्या फाटकाशी बसायला लागली. तिथे ऊन जास्त आणि गिऱ्हाईक कमी. मी एकदा जाऊन म्हणाले, "बाई, तिकडं सावली हाये, काऊन इथं बसता?" ती म्हणाली, "इथंच बरं हाये वहिनी." आणि समोरच्या माणसाला शेंगा मोजून द्यायला लागली.

खातं उघडलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. काय केलं म्हणून उघडलं ते मला आजही माहीत नाही. मी मेल करत होते, बँकेत खेटे घालत होते. एका सकाळी बँकेतून फोन आला. आता वादातले तेवढे ऐंशी रुपये अडवून बाकीचे मोकळे केले आहेत, असं साहेब म्हणाले. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे हेच मागितलं होतं. त्यांना त्याची आठवण नव्हती. त्यांनी मला पेढा मागितला.

त्याच दिवशी खात्यातून स्पीकरचं इतक्या महिन्यांचं थकलेलं भाडं एकदम कापलं गेलं. पिठाच्या डब्यातल्या स्पीकरचं.

मी बाकीचा सगळा पैसा काढला आणि आधी शेंगावालीच्या घरी गेले. संध्याकाळ होती, ती चूल पेटवत होती. पोरगी घरात दिसली नाही. मी भिशीचे पैसे तिच्यासमोर ठेवले. तिनं हात पुसले, पैसे उचलून डब्यात ठेवले. मोजले नाहीत. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा मला शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून गेले होते.

"पोरगी कुठं हाये?" मी विचारलं.

"वर्ध्याले. कामाले लागली. दवाखान्यात."

"दवाखान्यात? नर्स?"

"नाई व. झाडूपोछा."

मी म्हणाले, "बाई, आता पैसे आहेत. पुढच्या वर्षी फॉर्म भरू. मी येतो संगं."

तिनं चुलीत एक काडी सरकवली. "या पैशात हप्ता होते एक. बाकीचं? शिष्यवृत्ती मागून येते, दरसाल आधी आपल्यालेच भरा लागते. ते भिशीवर धरेल होतं म्या. पुढच्या वर्षी काय भिशी हाये वहिनी?"

तिनं मला चहा विचारला. मी नाही म्हटलं, तर तिनं आग्रह केला नाही. पूर्वी केला असता.

बाकीच्यांना मी एकेकीला गाठून सांगितलं की पैसे जिच्यासाठी होते तिला पोचले. बांगड्यावाली म्हणाली, "पोचले तं चांगलं झालं." माफी तिनं मागितली नाही. ती मागेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. स्टँडवरच्या प्रत्येकीकडे आता आपापला कोड आहे, आपापला स्पीकर आहे. एका बाईचे पैसे आले की सगळ्यांना ऐकू जातं. पण कुणाच्या घरी काय चाललं आहे, कुणाला काय नड आहे, हे आता आम्हाला एकमेकींकडून कळत नाही. फुलवालीनं फोनवरून कर्ज घेतलं तेही मला तिच्या पोराकडून कळलं, वसुलीचे फोन यायला लागल्यावर. भिशी असती तर ती आधी माझ्याकडे आली असती.

कुणी कधी एखाद्या सभेत आम्ही आता आर्थिकदृष्ट्या जोडल्या गेलो असं म्हणालं, तर मी उठून काही बोलणार नाही. मला माईक कसा काढून घेतात ते माहीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याला मुतखड्याचा त्रास झाला. आर्वीच्या डॉक्टरनं वर्ध्याला न्यायला सांगितलं. एका खासगी दवाखान्यात गेलो. त्याला आत घेतलं आणि मी कागद घेऊन पैसे भरायची खिडकी शोधत फिरत होते. एका लांब व्हरांड्यात निळ्या गणवेशातली एक मुलगी फरशी पुसत होती. पाठमोरी होती, तरी मी ओळखलं, शेंगावालीची पोरगी. केस वर बांधलेले, हाडं दिसायला लागलेली.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एक म्हातारा ओरडायला लागला. तो कुठल्या भाषेत ओरडत होता ते मला कळलं नाही. आतली नर्स दारात आली आणि वैतागून म्हणाली, "अरे, याच्याशी बोलणारं कुणी आहे का इथं?" मुलीनं पोछा भिंतीला टेकवला, आत गेली, आणि गोंडीत त्याच्याशी बोलायला लागली. ओरडणं थांबलं. नर्सनं सुई दिली. "झालं, जा आता, तिकडं ओलं राहिलंय," असं ती मुलीला म्हणाली.

मुलगी बाहेर आली तेव्हा मी समोरच उभी होते. तिनं मला पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते, तिचं नाव घेणार होते. तिनं पोछा उचलला आणि फरशीची कोरडी कड दाखवली.

"इकडून जा काकू," ती म्हणाली. "पैसे भरायची खिडकी त्या बाजूले हाये."